सोंग, नक्कल आणि चिंचोके

माणसाने दुसऱ्याचे सोंग घेतले आणि त्या सोंगात असताना काही बरेवाईट केले, तर त्याचा हिशेब कोणाच्या नावावर लिहिला जातो? सोंगाच्या की माणसाच्या? हा प्रश्न आम्हाला एखाद्या किताबातून पडला नाही. तो पडला आलापल्लीत, आमच्या फर्निचरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, शनिवारी इशाच्या नमाजनंतर. पाच प्रौढ माणसे टेबलाभोवती बसून एक खेळ खेळत होती आणि खेळता खेळता त्यातल्या एकाचे मन दुखावले गेले. दुखावणारे आम्ही होतो. म्हणून हे लिहिणे आले.

आलापल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातले हे गाव. 1982 साली जिल्हा वेगळा होईपर्यंत आम्ही चंद्रपूरचेच होतो. अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड आणि आष्टीमार्गे चंद्रपूर असे रस्ते जिथे फुटतात तो आमचा चौक. गावाची ओळख म्हणजे सागवान. भामरागडच्या वाटेवर 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' नावाचा जुन्या सागाचा राखून ठेवलेला तुकडा आहे. 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आम्ही दोघे भाऊ त्याच सागावर पोट भरतो. वनखात्याच्या आगारात लिलाव होतो, माल घेतो, पलंग-कपाटे करतो.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो, गिऱ्हाईक तुटते आणि संध्याकाळी लांबतात. अशाच एका पावसाळ्यात आमचा भाचा नागपूरहून सुटीला आला आणि येताना मोबाईलमध्ये एक खेळ घेऊन आला. खेळाला पट नाही, सोंगट्या असल्या तरी चालतात, नसल्या तरी चालतात. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसे व्हायचे. "समोर किल्ला आहे, दारावर पहारा आहे, तुम्ही काय करता?" असे तो विचारतो आणि आपण आपल्या पात्राच्या वतीने सांगायचे.

हा प्रकार अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने छापला. तिथून त्याच्या शेकडो जाती निघाल्या. आम्हाला मात्र तो अगदीच परका वाटला नाही. दास्तान-ए-अमीर हमजा ज्यांच्या घरात ऐकली-वाचली गेली त्यांना जादूचे तिलिस्म, देव-दैत्य आणि हवे ते पोटात घेणारी झंबील नवी नाही. अमर अय्यार तर पावलापावलाला सोंग बदलतो. जुन्या काळचा शेवटचा मोठा दास्तानगो म्हणून ज्यांचे नाव घेतात ते दिल्लीचे मीर बाकर अली 1928 मध्ये गेले. 2005 मध्ये शम्सुर रहमान फारुकी आणि महमूद फारुकी यांनी ती कला पुन्हा मजलिशीत आणली. फरक इतकाच, की दास्तानमध्ये ऐकणारे 'वाहवा' म्हणतात, आणि या खेळात ऐकणाऱ्यालाच पुढे काय करायचे ते ठरवावे लागते.

आमची मजलिस पाच जणांची झाली. आम्ही दोघे भाऊ. एका आश्रमशाळेतले मास्तर, जातीने माडिया. सिरोंच्याकडचे अण्णा, एका ठेकेदाराकडे हिशेब लिहिणारे. आणि मुलचेरा तालुक्यातले औषध दुकानदार दादा; त्यांचे आजोबा पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या बंगाल्यांपैकी. अण्णांच्या घरात तेलुगू, दादांच्या घरात बंगाली, मास्तरांच्या घरात माडिया आणि आमच्या घरात उर्दूमिश्रित हिंदी. खेळ मराठीत. म्हणजे टेबलावरची भाषा आम्हा पाचांपैकी कोणाचीच घरची भाषा नव्हती. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती लागणार आहे.

पहिली अडचण फाशाची आली. या खेळात वीस बाजूंचा फासा असतो आणि तलवार लागली की चुकली ते त्याच्यावर ठरते. आमच्या घरात फासा कधी आला नव्हता. 'नर्द'विषयी सहीह मुस्लिममध्ये जी कडक हदीस आहे ती आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते. पैसे लावलेले नसले तरी फाशाचा खेळ बहुतेक उलेमांनी नाजायज मानला. बुद्धिबळाचे तसे नाही. शाफई मताने ते मकरूह आहे, हराम नव्हे, आणि आमच्या हनफी मतात त्याबाबत अधिक कडकपणा आहे. कोकणातल्या आपल्या शाफई बांधवांना जी मोकळीक आहे ती विदर्भात आम्हाला नाही, असे म्हणून आम्ही हसलो, पण मनात खटकत राहिले. मौलवीसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "पैसा नाही म्हणजे जुगार नाही, हे खरे. पण शंकेची चीज आहे. टाळता आली तर टाळा."

भाच्याने मग फाशांऐवजी चिठ्ठ्या केल्या. आम्ही खूश झालो. दोन दिवसांनी धाकट्याने विचारले, "चिठ्ठी आणि फासा यात फरक काय?" उत्तर नव्हते. फाशाचे नाव बदलून आम्ही स्वतःलाच फसवत होतो. म्हणून ठरवले, की फासा टाकावा लागणार नाही असा खेळ शोधायचा. एकाच खेळावर न थांबता आम्ही वेगवेगळे खेळ करून पाहू लागलो त्याचे कारण हे असे दीनी होते.

पहिला खेळ सोडण्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. भाच्याने रचलेल्या कहाणीत एक दुष्ट होता. तो गावे जाळायचा, पोरी पळवायचा. भाच्याने त्याचे वर्णन केले: काळी दाढी, डोक्यावर मोठा फेटा, डोळ्यांत सुरमा, हिरवा झेंडा, आणि लोक त्याला सुलतान म्हणत. दादा आणि अण्णा जरा चपापले, आमच्याकडे पाहू लागले. आम्ही हसून घेतले. खेळ संपल्यावर भाच्याला विचारले, "बेटा, तो तसाच का केलास?" त्याने अगदी निरागसपणे उत्तर दिले, "मामू, व्हिलन तसाच दिसतो ना!"

पाच वेळेचा नमाजी पोरगा. त्याच्याही डोक्यातला दुष्ट त्याच्या आजोबांसारखा दिसत होता. सिनेमाने आपल्याला दोनच भूमिका दिल्या: एक तो, आणि दुसरी 'शोले'तल्या आंधळ्या इमामसाहेबांची, जे फार चांगले असतात आणि ज्यांचा मुलगा मरतो. आम्हाला त्या रात्री वाईट वाटले होते. पण आम्ही बोललो नाही. टेबलावर मित्र होते, कुणी मुद्दाम केले नव्हते, आणि रंगाचा भंग कशाला करायचा? आपल्यापैकी प्रत्येकाने असे हसून घेतलेले प्रसंग मोजावेत. ते मोजता येणार नाहीत इतके निघतील.

दुसरा खेळ आणला तो 'अंबर' नावाचा. 1991 मध्ये एरिक वुजचिक यांनी तो बिनफाशाचा म्हणूनच काढला. रॉजर झेलाझ्नी यांच्या कादंबऱ्यांवर तो बेतलेला आहे. त्यात सगळी पात्रे एका राजघराण्यातली असतात, आणि बळ, युद्धकला, चिवटपणा यांचा सुरुवातीलाच लिलाव होतो; ज्याची बोली मोठी तो त्या गुणात पहिला. लिलाव म्हटल्यावर आम्हाला शिकवायची गरज नव्हती. अण्णांनी तर आगारात व्यापारी करतात तसे दादांशी आधीच संगनमत करून बोली पाडली.

खेळ रंगला, पण तीन आठवड्यांत एक चमत्कारिक गोष्ट झाली. गोष्टीत आम्ही दोघे सख्खे भाऊ गादीसाठी एकमेकांवर डाव टाकत होतो. एका सोमवारी थोरल्याने दुकानाच्या गल्ल्याचा हिशेब दोनदा मोजला आणि धाकट्याने ते पाहिले. पैसे बरोबर होते. दोघेही काही बोललो नाही. पण त्या रात्री जेवताना भावजयीने विचारले, "तुम्हा दोघांत काही झाले का?" झाले तर काहीच नव्हते. जे झाले होते ते अंबरच्या राजवाड्यात. आम्ही तो खेळ थांबवला.

इथे आमच्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले होते, पण ते आम्हाला वाचता आले नाही. सोंग काढून खुंटीला टांगता येते असे आपण समजतो. प्रत्यक्षात सोंगात केलेली गोष्ट आपल्याच हातांनी, आपल्याच जिभेने केलेली असते. पात्र कागदावर राहते. सवय घरी येते.

तिसरा खेळ 'द क्वायट इयर', म्हणजे शांत वर्ष. ॲव्हरी आल्डर यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेला. एक मोठा कोरा कागद मध्ये ठेवायचा आणि त्यावर सगळ्यांनी मिळून एका गावाचा नकाशा काढायचा. लढाईतून वाचलेले गाव, हातात एकच वर्ष, पुढे संकट. पत्त्यांचा जोड घ्यायचा. बावन्न पाने म्हणजे बावन्न आठवडे. बदाम वसंत, चौकट उन्हाळा, किलवर शरद, इस्पिक हिवाळा. फासे आहेत, पण ते टाकायचे नाहीत. विहीर खणायला चार आठवडे लागणार असतील तर फाशाचा चार आकडा वर करून त्या जागी ठेवायचा आणि दर आठवड्याला एकेक कमी करायचा. फासा टाकायचा नाही, ठेवायचा! आमचा मसला सुटला. थोरला म्हणाला, "हा खेळ आपल्यासाठीच केलेला आहे."

यात कोणाचे एक ठरलेले पात्र नसते. गावाची चर्चा निघाली की प्रत्येकाने एकदाच, एक-दोन वाक्यांत बोलायचे. गावातल्या कोणाच्याही तोंडून बोलावे. चर्चेतून निर्णय होत नाही, फक्त म्हणणे ऐकू येते. आणि आणखी एक नियम आहे. आपल्याला विचारले गेले नाही, आपला मान राखला गेला नाही असे ज्याला वाटेल त्याने मधल्या वाटीतून एक खडा उचलून आपल्यापुढे ठेवायचा. कारण सांगायचे नाही, इतरांनी विचारायचे नाही. कोणी मोठ्या मनाने काही भरून काढले तर खडा परत टाकायचा. आम्ही खड्यांऐवजी चिंचोके घेतले.

नकाशा काढायला लागलो. आम्ही चौक काढला, मशीद काढली, दादांनी देऊळ आणि तळे, अण्णांनी बाजार आणि आगार. मास्तरांनी नाल्यापलीकडे एक टोला काढला, चार झोपड्यांचा, आणि त्याच्यामागे झाडांत एक दगड. दगड कशाचा ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

उन्हाळ्याच्या तिसऱ्या आठवड्यात चर्चा निघाली: विहीर चौकात खणायची की नाल्यापलीकडे? थोरल्याची पाळी आली. तो म्हणाला, "मी टोल्यावरचा म्हातारा." आणि बोलू लागला. क्रियापदांची शेपटे तोडून, बाईला बाप्या करून, मान डोलावून त्याने अशी मराठी काढली की हसून हसून दादांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हातारा शेवटी म्हणाला, विहीर राहू द्या, मोहाची दारू द्या. धाकट्याने टेबलावर हात आपटला. भाचा तर खाली बसला. मास्तरही किंचित हसल्यासारखे झाले. त्यांनी वाटीतून एक चिंचोका उचलला.

खेळ पुढे चालू राहिला. म्हातारा सगळ्यांना इतका आवडला की पुढच्या प्रत्येक चर्चेत कोणीतरी त्याला बोलवायचे. विहीर चौकात झाली. वर्ष संपत आले तेव्हा आमच्यापुढे एकही चिंचोका नव्हता, अण्णांपुढे दोन होते, दादांपुढे एक. मास्तरांपुढे अकरा होते, ओळीने लावलेले.

नियम असा की विचारायचे नाही. पण खेळ संपला होता. धाकट्याने विचारले, "मास्तर, एवढे कशाचे?"

मास्तर म्हणाले, "भाई, पहिला तुमच्या म्हाताऱ्याचा. बाकीचे दहा हसण्याचे." मग थोडे थांबून म्हणाले, "माझा आजा तशीच मराठी बोलायचा. तो एकदा सायबाकडे विहीर मागायला गेला होता. त्याची बोली ऐकून तिथं पण लोक असेच हसले. तुम्ही तर त्याला दारू मागायला लावली."

"विहीर मिळाली?" अण्णांनी विचारले.

"नाही."

कोणी काही बोलले नाही. पाचांपैकी एकाचीही घरची भाषा नसलेल्या मराठीत आम्ही एका माणसाच्या मराठीला हसलो होतो. तीन महिने आम्ही फाशाचा मसला सोडवण्यात घालवले. शंकेच्या चीजेपासून दूर राहायचे म्हणून दोन खेळ सोडले. आणि ज्या गोष्टीबद्दल शंकाच नाही ती आम्ही हसत हसत केली. सूरह हुजुरातमध्ये साफ ताकीद आहे, की एका लोकांनी दुसऱ्या लोकांची थट्टा करू नये, कदाचित ते यांच्याहून चांगले असतील. एकमेकांना नावे ठेवू नयेत. ही आयत आम्हा दोघांनाही पाठ आहे. आम्ही ती कायम इतरांनी आमच्याशी कसे वागावे यासाठी वापरत आलो होतो.

त्या रात्री सुलतान आठवला. भाच्याच्या सुलतानाला आम्ही हसून घेतले तसेच मास्तरांनी पहिल्यांदा आमच्या म्हाताऱ्याला हसून घेतले होते. आम्हाला निदान चिंचोके नव्हते. त्यांच्याकडे होते, त्यांनी अकरा वेळा उचलले, आणि आम्हाला ते दिसत असूनही दिसले नाहीत.

आता प्रश्न असा, की मग दुसऱ्याचे सोंग घेऊच नये का? आमच्या ओळखीतल्या काही मंडळींचे उत्तर सोपे आहे: घेऊ नये, सगळेच गैर. पण हे उत्तर आम्हाला पटत नाही. या मुलखात दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात; वडशाला कंपन्यांची कार्यालये गजबजतात, शंकरपटाच्या गावांत रात्रभर नाटक चालते आणि दिवसभर शेतात राबलेला माणूस थंडीत घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत बसतो. दख्खनच्या किती गावांत मोहरमला नवसाने वाघाचे सोंग घेत आले. पेशवाईतला शाहीर सगनभाऊ जातीने शिकलगार, मुसलमान; त्याने लावणीत बाईच्या मनातले बोल मांडले आणि महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. दुसऱ्याच्या जागी उभे राहता आले नसते तर हे काहीच झाले नसते. आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहता न येणाऱ्या माणसाला रहम तरी कुठून येणार?

हजरत आयेशा यांच्याविषयीच्या दोन रिवायती आम्हाला या वेळी एकमेकींशेजारी ठेवाव्याशा वाटतात. दोन्ही अबू दाऊदच्या संग्रहात आहेत. एकीत त्यांच्या बाहुल्यांमध्ये पंख असलेला घोडा असतो. घोड्याला पंख कसे, असे रसूलुल्लाह विचारतात. त्या म्हणतात, हजरत सुलेमानांच्या घोड्यांना पंख नव्हते का? आणि रसूलुल्लाह मनापासून हसतात. दुसरीत त्यांच्यासमोर एका माणसाची नक्कल केली जाते, आणि ते म्हणतात, की बदल्यात कितीही मिळाले तरी मला कोणाची नक्कल करणे आवडणार नाही. कल्पनेला तिथे हसू आहे, नकलेला नापसंती. आम्ही आलिम नाही. फतवा देत नाही. पण आम्हाला यात एक वाट दिसते.

नक्कल माणसाची बाहेरची बाजू उचलते: त्याची चाल, त्याची बोली, त्याचा फेटा. भूमिका त्याची अडचण उचलते. थोरल्याने टोल्यावरच्या म्हाताऱ्याची जीभ घेतली, पण तहान घेतली नाही. भाच्याने सुलतानाला दाढी दिली, पण गावे जाळावीत असे त्याला का वाटले याचे कारण दिले नाही. ज्या सोंगात अडचण नाही ते सोंग कितीही हुबेहूब असले तरी त्यात माणूस नसतो, आणि माणूस नसतो म्हणूनच त्याला हसणे इतके सोपे जाते.

यावर अण्णांनी एक रास्त हरकत घेतली. ते म्हणाले, "दुसऱ्याची अडचण तरी आपल्याला कुठे कळते? अडचण उचलली असे म्हणणे हीसुद्धा एक बढाईच." हे खरे आहे. म्हणून आम्ही अमानत हा शब्द वापरू. शेजाऱ्याने प्रवासाला जाताना भांडे ठेवायला दिले तर ते आपले होत नाही. ते कसे वापरतात हेही कदाचित आपल्याला नीट माहीत नसते. पण ते चेपलेले, पोचे आलेले परत द्यायचे नाही एवढे तर माहीत असते. दुसऱ्याची भूमिका घेणे तसे आहे. त्याची कसोटी एकच: ज्याचे सोंग घेतले तो माणूस दाराशी येऊन उभा राहिला, तर आपल्याला वाक्य अर्धवट तोडावे लागेल का? आमच्या बाबतीत तर तो दाराशीही नव्हता. टेबलावरच होता.

अलीकडे असे खेळ खेळणाऱ्या परदेशी मंडळींनी यावर एक उपाय काढला आहे. जॉन स्टाव्रोपोलस यांनी सुचवलेला एक पत्ता टेबलावर ठेवतात. त्यावर फुली असते. कोणाला काही सहन होईनासे झाले की त्याने त्या पत्त्याला हात लावायचा. लगेच ती गोष्ट कथेतून काढायची, कारण न विचारता. भाच्याने हे सांगितले तेव्हा आम्हाला आपल्याच जिल्ह्यातले मेंढा (लेखा) आठवले. धानोरा तालुक्यातले हे गोंड गाव. देवाजी तोफांसारख्या मंडळींनी तिथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने घेण्याचा रिवाज घातला. एकाचाही नकार असेल तर बहुमताने पुढे जायचे नाही, पुन्हा बसून बोलायचे. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारे हे गाव देशातल्या पहिल्या गावांपैकी आहे. म्हणजे फुलीचा पत्ता आमच्याकडे आधीच होता.

मास्तरांना मात्र हा उपाय अर्धा वाटला. ते म्हणाले, "पत्त्याला हात कोणी लावायचा? ज्याला लागलं त्यानंच ना? म्हणजे मार पण आम्ही खायचा आणि थांबा पण आम्हीच म्हणायचं." यावर आम्हाला उत्तर सापडलेले नाही. पत्ता असावा, चिंचोके असावेत. पण दुसऱ्यापुढच्या चिंचोक्यांकडे पाहायचे काम पत्ता करत नाही.

आम्ही माफी मागितली. मास्तरांनी "जाऊ द्या" म्हटले नाही. ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी गोष्ट मी सांगतो."

त्यांचा खेळ छापलेला नव्हता. फासे नाहीत, पत्ते नाहीत. नियम एकच: प्रत्येकाने आपल्याच आवाजात, आपल्याच मराठीत बोलायचे. आम्हा दोघांना त्यांनी एका घरातले नवरा-बायको केले. काळ 2006 च्या वनहक्क कायद्याआधीचा. मे महिना, तेंदूपत्ता तोडायचे दिवस. सायकलवर घरच्या छपरासाठी दहा बांबू. नाक्यावर माणूस अडवतो. तो ओरडत नाही, शिवी देत नाही. नुसते म्हणतो, घरी कोंबड्या असतील. घरी एक कोंबडी आहे. ती देवाला बोललेली आहे, कारण पोर तापाने पडले होते आणि उठले. "आता सांगा," मास्तर म्हणाले, "काय करता?"

आम्ही आयुष्यभर नाक्यातून लाकूड नेत आलो आहोत, खिशात वाहतूक परवाना ठेवून. त्या खोलीत आम्ही दोघे पाऊण तास बसलो. कोंबडी दिली तर नवस मोडतो. बांबू टाकले तर पावसात छप्पर गळते. भांडावे तर पुढच्या वेळी सायकल जाते. थोरला जो म्हाताऱ्याची नक्कल इतकी झोकात करत होता, त्याला शब्द सापडेना. शेवटी तो म्हणाला, "कोंबडी देतो." धाकटा बायकोच्या भूमिकेत होता, तो म्हणाला, "देवाला काय सांगू?" कोणी हसले नाही. दादांनी चष्मा पुसला. मास्तरांनी वाटीतले अकरा चिंचोके काढून आमच्यापुढे ठेवले नाहीत, किंवा परतही टाकले नाहीत. ते आपल्या खिशात टाकून घरी गेले. ते त्यांचे होते.

आमच्या मूळ प्रश्नाला आमच्यापुरते उत्तर मिळाले आहे: हिशेब आपल्याच नावावर. सोंगात आपण ज्याला मारतो तो कागदी असतो, त्याचा जाब नाही. पण सोंग घेताना शेजारी बसलेल्या माणसाशी आपण जे करतो ते सोंग नसते.

काही जागा आम्ही आमच्यासाठी बंद ठेवल्या आहेत. 1980 पासून या जंगलात बंदुकीने माणसे मेली, दोन्हीकडची आणि मधली. भाच्याला त्यावर खेळ रचायचा होता. मास्तर म्हणाले, "मेलेल्यांच्या जागी बसून त्यांचे निर्णय आपण घेऊ नये. त्यांची घरची माणसं अजून बाजारात भेटतात." सगळ्यांनी मान्य केले. हा नियम सर्वांना लागू व्हावा असे आमचे म्हणणे नाही. दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या टेबलाला कदाचित तेच बोलणे गरजेचे वाटेल.

आणि एक जागा उघडी राहिली आहे. गेल्या महिन्यात दादांनी एक कागद आणला. त्यांचे आजोबा ज्या रात्री गाव सोडून निघाले ती रात्र त्यांना खेळायची आहे. मारणारे नकोत, म्हणाले, ते मला माहीत आहेत. मला शेजारचे घर हवे आहे. मुसलमानाचे घर. आजोबांनी त्या दारावर थाप मारली होती. दार उघडले की नाही हे आजोबांनी कधी सांगितले नाही. विचारले की ते उठून जायचे. दादा आम्हाला म्हणाले, "त्या घरात तुम्ही बसा. मी बाहेरून थाप मारतो."

ही अमानत फार जड आहे. दार उघडले असे म्हणावे तर ते आपल्याला सोयीचे आहे. न उघडले म्हणावे तर दादांसमोर तो शब्द तोंडातून काढावा लागेल. आतल्या माणसाची अडचण काय होती, त्याच्या घरात कोण होते, त्याला कोणाची भीती होती, हे सगळे आधी आम्हाला आमच्याजवळ शोधावे लागेल. दोन शनिवार गेले. कागद आमच्या दुकानात, पट्टीखाली दाबून ठेवलेला आहे. आम्ही अजून होकार दिलेला नाही, आणि नकारही दिलेला नाही.